गणपतीच्या रॅम्पावरून बोट सोडली तो दिवस

आमच्या घरात भांडण झालं की आवाज चढत नाही, बंद होतो. ह्यांनी ताटाकडं बघून जेवायचं आणि मी भिंतीकडं बघून वाढायचं. काही सांगायचंच असलं तर मधे कुणीतरी धरायचं. "सांगा त्यास्नी, गॅस संपलाय," असं मी शेजारणीला म्हणणार आणि हे तिथंच दोन हातांवर पेपर वाचत बसलेले असणार. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं. मला आधी हसू यायचं, मग मीही पटाईत झाले. ह्या वेळचा अबोला आठ दिवसांचा होता, आणि कशावरून म्हणाल तर एक बोट नदीत कुठून सोडायची यावरून.

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन परत आले. पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. ते तिकडं होते ती चोवीस वर्षं इथला ऊस मी बघितला, नदीवरची पाण्याची मोटार मी बघितली, लाईट दिवसाची आहे का रात्रीची ते मी बघितलं, आणि नदीही मीच बघितली. आमचं गाव कृष्णेच्या काठावर, आष्ट्याहून फार लांब नाही. परत आल्यावर वर्षभर ह्यांना काही सुचेना. ऊस लावून झाला, घराला रंग देऊन झाला, माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले. त्या दिवशी तर मी डोक्यालाच हात लावला. मग वाईकडच्या एका जुन्या सोबत्यानं धोमच्या पाण्यावरची आपली बोट विकायला काढली असं कळलं, आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोतून ती आमच्या दारात उतरली. पांढरी, फायबरची, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढी.

"मासं धरायचं," हे म्हणाले.

"आष्ट्याच्या बाजारात मिळत्यात की."

"तू ऱ्हाऊ दे."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. बोट पुसताना हे शीळ घालायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत ऐकली होती ती शीळ, त्यानंतर आत्ताच.

मग सुरू झाली रेकी, म्हणजे जागेची पाहणी. हा ह्यांचाच शब्द. वही, पेन्सिल आणि खुणा केलेला बांबू घेऊन हे तीन दिवस काठानं हिंडले. गावात बोट पाण्यात घालायला सगळ्यांसाठी मोकळ्या अशा तीनच जागा. एक देवळाचा घाट. तिथं दगडी पायऱ्या, त्यावर बायकांची धुणी, आणि फायबरचं बूड दगडावर घासलं की संपलं. ह्यांनी काही म्हणायच्या आधीच तो रद्द झाला. दुसरा नावेचा उतार. पूल व्हायच्या आधी पलीकडच्या गावाला जाणारी नाव तिथून सुटायची. मातीचा उतार, मेमध्ये पोटरीभर चिखल, आणि समोरच्या बेटावर सकाळच्या उन्हाला एक मगर येऊन पडते. ती आमच्या गावाला सवयीची झालीय, तिच्यामुळं कुणी पोहायचं सोडलंय पण कुणी पाणी भरायचं सोडलेलं नाही. तिसरी जागा गणपतीचा रॅम्प. विसर्जनासाठी केलेला सिमेंटचा रुंद उतार, ट्रॅक्टरची ट्रॉली थेट पाण्यापर्यंत मागं नेता येते. फक्त तो बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चार-पाचशे पावलांवर आहे.

ह्यांनी वहीत रॅम्पाला बरोबरची खूण केली.

त्या संध्याकाळी आबा आले होते. आबा म्हणजे गावचे जुने नावाडी, भोयांच्या आळीतले. आयुष्यभर नाव हाकली, आता डोळ्यांत मोतीबिंदू, पण काठीनं टकटक करत नदीवर रोज जातात. बोटीवरून हात फिरवून म्हणाले, "साहेब, नावंच्या उतारावनं सोडा. चिखलाचं काय, पाय धुतल्यावर जातोय. उताराम्होरं डोह हाय. डोहातलं पाणी सवताचं असतंय. रॅम्पाम्होरचं पाणी बंधाऱ्याचं."

मी पटकन म्हणाले, "अगदी बरोबर बोललात, आबा."

एवढंच माझं चुकलं. हे वही मिटून म्हणाले, "तुला काय कळतंय बोटीतलं?"

"बोटीतलं न्हाई कळत, पाण्यातलं कळतंय."

"मी आसामात पुराच्या पाण्यात बोटी सोडल्यात."

"मग हीबी तिकडंच सोडायची हुती!"

आबा हसले. आमचा गडी गोठ्यातून बाहेर आला होता, तोही हसला. आणि त्या दोघांच्या देखत हे म्हणाले, "बाईमाणसानं चुलीचं बघावं. नदीत नाक खुपसू नये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोवीस वर्षं! रात्री दोन-दोनला लाईट यायची तेव्हा बॅटरी घेऊन त्या काठावर कोण गेलं होतं? पुराच्या वर्षी गळ्याभर पाण्यातून मोटारीचा दोर कुणी ओढला होता? तेव्हा कुठं होती ह्यांची चूल? पण मी एक शब्द बोलले नाही. आत गेले, भाकऱ्या थापल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. ह्यांनीही लावलं.

सातव्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर मेसेज आला. नदीवर मोटारी असलेल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात आमच्या घराचा नंबर माझाच. ह्यांचा फोन फौजेतल्या सोबत्यांच्या सुप्रभातांनी भरलेला असतो, पाण्याच्या भानगडीत तो नाही. मेसेज साधा होता. उद्या सकाळी आठपासून बंधाऱ्याचे बर्गे काढणार, पाणी उतरून मोटारी गाळात बसतील, तरी सर्वांनी आपापल्या मोटारी वर घ्याव्यात.

बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवलेल्या लोखंडी फळ्या. दिवाळीच्या पुढंमागं त्या घालतात, मग नदी तुंबून तळ्यासारखी उभी राहते आणि आमचा ऊस जगतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्या काढतात आणि पाणी पळायला लागतं. दर वर्षीचंच आहे. तारीख मात्र ठरलेली नसते.

आणि उद्या सकाळी बोट पाण्यात जायची होती. ह्यांनी गड्याकरवी मला तसं कळवलंही होतं. "वहिनी, साहेबांनी सांगितलंय, उद्या साडेआठला हळदी-कुंकू घेऊन रॅम्पावर या."

मी मेसेज दोनदा वाचला. मग गड्याला हाक मारली आणि म्हणाले, "आजच्या आज मोटार वर काढून ठेव. फुटव्हॉल्व्ह बघायचाय." एवढंच सांगितलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं ते ह्यांच्या कानावर घातलं असतं, आणि मला ते नको होतं.

मला काय हवं होतं ते इथं स्पष्टच लिहिते. मला ह्यांची फजिती हवी होती. पाणी उतरंल, बोट सिमेंटावर नाहीतर गाळात बसंल, चार माणसं हसतील, आणि हे आपल्या वहीत तोंड घालतील, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या संध्याकाळी मी भाकरी वाढताना मनातल्या मनात हसलेसुद्धा. पाणी उतरतं म्हणजे ते कुठंतरी जातं, आणि जाताना वाटेतलं घेऊन जातं, हे चोवीस वर्षं नदी बघितलेल्या बाईला कळायला नको होतं का? पण मी नदीकडं कायम मोटारीच्या बाजूनं बघितलं होतं. पाणी चढलं, पाणी उतरलं, मोटार खाली, मोटार वर. त्या पाण्यावर माणूस असलेला मी कधी धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशीर केला. साडेआठचे नऊ केले. ताटात निरांजन, हळदी-कुंकू, खण घेतला आणि सावकाश निघाले. वाटेत काठावर दोघं-तिघं मोटारीचे दोर ओढत होते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रॅम्पावर पोचले तर ट्रॅक्टर वर उभा, ट्रॉली रिकामी. नारळ फुटलेला. ह्यांनी माझी वाट न बघता स्वतःच पूजा उरकली होती आणि बोट पाण्यात होती. काठापासून बऱ्याच लांब, जवळजवळ मध्यात. हे आत पाठमोरे बसून जाळं सोडवत होते, वल्ही आडवी टाकलेली. शीळ काठापर्यंत ऐकू येत होती. गडी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खोबरं खात होता आणि आबा सिमेंटावर उकिडवे बसले होते.

मी आधी सिमेंट बघितलं. पाण्याच्या वर वीतभर पट्टा ओला होता. मग केंदाळ बघितलं. उन्हाळ्यात आमच्या नदीवर केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा हिरवा थर साचतो, वाऱ्यानं इकडून तिकडं होतो. आज वारा नव्हता. सगळा थर एका बाजूला चालला होता, बंधाऱ्याच्या. त्याच्याबरोबर बोटही चालली होती. वल्ही न मारता.

मी सिमेंटावरून दोन पावलं खाली उतरले.

आबांनी मान वाकडी केली, कान दिला. "आवाज येतोय," म्हणाले. "सूनबाई, बर्गं काढल्यात काय गं?"

मी मान हलवली. त्यांना ते दिसलं नसणार हे लक्षात आलं, म्हणून तोंडानं म्हणाले, "व्हय."

"कुनी सांगितलं तुला?"

ताट खाली ठेवलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन जीव खाऊन ओरडले, "आवं! फिरा माघारी! बर्गं काढल्यात!"

आठ दिवसांनी ह्यांच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द. ह्यांनी वळून बघितलं. मला बघितलं. आणि सावकाश मान फिरवून पुन्हा जाळ्याला लागले.

मला ती मान ओळखीची होती. घरात आठ दिवस मी तीच बघत होते. मी उशिरा आले, आता गावादेखत भांडायला उभी राहिलेय, असं त्यांनी धरलं. माझ्या सगळ्या ओरडण्याला त्यांनी तेच उत्तर दिलं. पाठ.

"सुभेदार! आवं, माघारी फिरा!" मी पुन्हा ओरडले. गडी मागून हसला. "वहिनी, आता तरी अबोला सोडा की! दिसाढवळ्या भांडताय!"

"गाढवा, त्यास्नी हाक मार! बर्गं काढल्यात बंधाऱ्याचं!"

त्याच्या हातातलं खोबरं खाली पडलं. तोही ओरडायला लागला, आबाही काठी आपटून ओरडायला लागले, पण आबांचा आवाज कितीसा, आणि खालून पाण्याचा घरघराट एव्हाना वाढला होता. बोट नदीच्या वळणाच्या पुढं गेली. बोट आणि बंधारा यांच्यामधलं अंतर आता डोळ्यांनी मोजता येत होतं.

मी पळत सुटले. बंधाऱ्याकडं जाणारी वाट उसाच्या कडेनं जाते. चप्पल कुठं गेली कळलं नाही. पन्नाशीची बाई, गुडघे दुखणारी, मी कधी अशी पळाले नव्हते. एकच विचार डोक्यात होता की काल दुपारी दोन मिनिटांचं काम होतं. दोन मिनिटं. फोन त्यांच्यासमोर आपटला असता तरी चाललं असतं. बोलायचीही गरज नव्हती.

बंधाऱ्यावरून दुचाक्या जातात, तेवढी त्याची रुंदी. तिथं दोन कामगार पलीकडच्या अंगाला बर्गे उचलत होते. चार गाळे मोकळे झाले होते आणि त्यांतून पाणी असं तोंड फाडून खाली पडत होतं की पायाखालचं सिमेंट हलतंय असं वाटत होतं.

"थांबवा! माणूस येतोय! बोटीत माणूस हाय!"

त्यातला थोराड होता त्यानं वर बघितलं आणि शिवी हासडली, मला नव्हे, नशिबाला. "बाई, आता घालता येत न्हाईत. पान्याच्या ताकदीत बर्गा बसत न्हाई." मग जोडीदाराला म्हणाला, "आकडा आन! दोर आन!" बर्गे उचलायला त्यांच्याकडं लांब दांड्याचा लोखंडी आकडा असतो.

बोट आता इतकी जवळ होती की ह्यांचा चेहरा दिसत होता. जाळं फेकून दिलं होतं आणि हे दोन्ही वल्ह्यांनी उलटं ओढत होते. फौजेत शिकलेलं सगळं वापरत होते, ते मला दिसत होतं. तरी बोट पुढंच येत होती. एक वल्हं केंदाळात अडकलं, सुटलं हातातून आणि गेलं. बोट आडवी झाली.

"खांबाकडं या!" कामगार ओरडला. "मधल्या खांबाकडं!"

हे ऐकतील का? माझ्या मनात पहिलं तेच आलं. मी बंधाऱ्यावर पालथी पडले, डोकं बाहेर काढलं आणि ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. कामगारानं नंतर सांगितलं की मी ह्यांना नावानं हाक मारत होते. लग्नानंतर उखाणा सोडला तर मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही.

ह्यांनी वर बघितलं. ह्या खेपेला मान फिरवली नाही. राहिलेलं वल्हं बांबूसारखं खांबाला लावून त्यांनी बोटीचं तोंड ढकललं, बोट खांबावर धाडकन आदळली आणि क्षणभर तिथंच चिकटली. त्या क्षणात आकडा खाली गेला, दोर खाली गेला. हे उभे राहिले, पाय घसरला, गुडघ्यावर आपटले, पुन्हा उभे राहिले आणि दोर मनगटाला गुंडाळला. आम्ही तिघांनी ओढलं. माझ्या तळहाताची सालटं निघाली. ह्यांची छाती बंधाऱ्याच्या कडेवर आली तेव्हा खाली बोट फिरली, नाक खाली करून गाळ्यातून गेली, आणि पलीकडच्या खडकांवर फुटल्याचा आवाज आला. फार मोठा आवाज नव्हता तो.

हे तिथंच उताणे पडून राहिले. शर्ट फाटलेला, कोपरातून रक्त. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला रडूही येत नव्हतं. मग हे म्हणाले, "मला ऐकू येत हुतं. पयल्यापासनं. मी मुद्दाम मान फिरवली."

मी पदरानं त्यांच्या कोपराचं रक्त पुसायला लागले.

दुपारपर्यंत गाव घरात लोटला. चहाच्या कपांना अंत नव्हता. ज्याला त्याला हे तेच सांगत होते. "ही न्हाई म्हनत हुती तवाच ऐकायला पायजे हुतं. हिच्यामुळं जगलो." बायका माझे हात हातात घेऊन बघत होत्या, कुणी हळद लावली, कुणी पाया पडली. आबा कोपऱ्यात बसून होते. ते मात्र एकदाही माझ्या कौतुकाचं बोलले नाहीत, जाताना काठी घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मला सगळ्यांच्या कौतुकाचा चटका बसत होता, तरी ते मी घेत होते. नको म्हणाले असते तर का ते सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी घर रिकामं झालं. हे खाटेवर होते, गुडघ्याला शेक घेत. मी फोन आणला, तो मेसेज काढला आणि त्यांच्या हातात दिला. का दिला? कुणाला कधी कळलं नसतं. पण त्यांनी दिवसभर लोकांपुढं आपली चूक कबूल केली होती, आणि तो माणूस चूक कबूल करणाऱ्यांतला नाही. मला ते सोसेना.

चष्मा लावून त्यांनी वाचलं. मग वरची वेळ वाचली.

"काल दुपारी आला?"

"व्हय."

"मोटार?"

"काल दुपारीच वर घेतली. गड्याकडनं."

"त्याला काय सांगितलंस?"

"फुटव्हॉल्व्ह बघायचाय म्हनून."

ह्यांनी मेसेज पुन्हा एकदा वाचला. चष्मा काढला, घडी घातली, उशाशी ठेवला. मी वाट बघत होते. माझं तोंड काही लहान नाही, ते ओरडले असते तर मीही सगळं काढलं असतं, चूल काढली असती, चोवीस वर्षं काढली असती, आणि भांडून आम्ही दोघं मोकळे झालो असतो.

"मोटारीची आठवन ठेवलीस," हे हळू म्हणाले, आणि फोन माझ्याकडं परत दिला.